डब्यावर ‘मॅच’ लिहिलंय, मग छर्रे एकाच भोकात का जात नाहीत?

भुसावळच्या एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते, साठ शॉटला ६१२ गुणांच्या आसपास येते. डब्यावर ‘मॅच’ (स्पर्धेच्या दर्जाचे) छापलेले छर्रे आणूनही ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, कधी घट्ट बसतो, कधी पसरतो. परदेशात रायफलवाले घरी काडतुसं भरतात आणि कारखान्याच्या मॅच मालाची बरोबरी करतात असं वाचलं. आपल्याला छर्रे तोलून-निवडून तसं काही जमेल का? आणि पुढे ती .२२ च्या, म्हणजे काडतुसाच्या रायफलकडे वळली तर?

भाऊ, आधी काडतुसं भरण्याचा विषय संपवू. आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे घरच्या टेबलावर तो प्रयोग नकोच. आणि .२२ चं काडतूस तसंही पुन्हा भरता येत नाही. त्याचा पेटणारा मसाला मधल्या वेगळ्या टोपीत नसतो, पितळी कवचाच्या तळाशी जो काठ असतो त्याच्या पोकळीत फिरवून बसवलेला असतो. फायरिंग पिन तो काठच चेपते. एकदा चेपलेला काठ गेला.

पण घरी भरणारे लोक नेमकं काय कमावतात ते समजून घेण्यासारखं आहे. ते कारखान्यापेक्षा चांगली गोळी बनवतात असं नाही. आपल्या एका नळीला काय मानवतं ते शोधतात आणि मग तेच, तसंच, प्रत्येक वेळी देतात. कारखान्याला हजारो नळ्यांसाठी माल काढायचा असतो, त्यांना एकाच नळीसाठी. आपल्याला बनवता येत नाही, पण निवडता येतं. रायफल शूटिंगमध्ये याला लॉट टेस्टिंग म्हणतात, लॉट म्हणजे कारखान्यात एका खेपेला निघालेला माल. भरताचं वांगं आपण पाटीतून हातात घेऊन निवडतो, दुकानदाराच्या ‘सगळी सारखीच आहेत’वर जात नाही, तसंच हे.

आता मुलीच्या ६१२ कडे बघू, म्हणजे छऱ्याच्या नावावर किती गुण खरंच जातात ते कळेल. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. छऱ्याचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून २.५ मिमीच्या आत असलं की १०.०, आणि तिथून आत दर पाव मिलिमीटरला ०.१ वाढतो. १०.९ साठी पाव मिलिमीटरच्या आत. सरासरी १०.२ म्हणजे शॉट केंद्रापासून सरासरी १.९ मिमीवर पडतोय. यातलं मुलीचं डगमगणं किती आणि छऱ्याची पसरण किती? या दोन गोष्टी सरळ बेरजेने मिसळत नाहीत, वर्गांच्या (स्क्वेअरच्या) बेरजेने मिसळतात. रायफल शिकंज्यात धरून मारली तर त्या लॉटचे छर्रे मधल्या बिंदूपासून सरासरी १.० मिमीवर जात असतील, आणि दुसऱ्या लॉटचे ०.५ मिमीवर, तर फक्त डबा बदलून साठ शॉटला साधारण ५ गुण वाढतात: ६१२ चे ६१७. पण ०.५ वरून ०.४ वर यायला कितीही आटापिटा केला तरी हाती लागतो अर्ध्या गुणाच्या आसपासचा फरक. म्हणजे वाईट लॉट टाळण्यात सगळा नफा आहे. चांगल्यातून सर्वोत्तम शोधण्यात वेळ आणि पैसे जातात, आणि ते गुण सरावात जास्त स्वस्त मिळतात.

तोलण्याचं बोलू, कारण खान्देशात हा मोह सहज होतो. जळगावच्या सराफ बाजारात मिलिग्रॅम दाखवणारा काटा शोधावा लागत नाही, कोणीही ओळखीचा सराफ दुपारच्या निवांत वेळी काटा वापरू देईल. रायफलचा मॅच छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो, बहुतेक डब्यांवर ८.१८ ग्रेन असंही दिसेल, तेच ते. समजा एक छर्रा एक टक्क्याने, म्हणजे ५ मिलिग्रॅमने जड निघाला. रायफल तीच ताकद देते, म्हणून वेग साधारण अर्ध्या टक्क्याने कमी होईल. मॅच रायफलचा वेग १७० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास असतो. १० मीटर पार करायला छऱ्याला ०.०६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो सुमारे १७ मिमी खाली येतो. वेग १ मीटर प्रति सेकंदाने बदलला तर हे खाली येणं फक्त ०.२ मिमीने बदलतं. म्हणजे ५ मिलिग्रॅमच्या फरकाने टार्गेटवर ०.१७ मिमी. दशांश गुणसुद्धा धड जात नाही.

म्हणून पाचशेचा अख्खा डबा तोलत बसू नका. नव्या लॉटमधले २५ छर्रे तोला. सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड यांच्यात १० मिलिग्रॅमच्या आत फरक असेल तर काटा सराफाला परत द्या. २० च्या वर असेल तर तो डबा सरावाला ठेवा, नाव कितीही मोठं असो.

छऱ्यात खरा घोळ होतो तो डोक्याच्या मापात आणि मागच्या पोकळ, पसरट घेरात. डोकं नळीच्या रेषांवर टेकतं, घेर हवेने फुगून नळीला चिकटतो. डोक्याची मापं डब्यावर छापलेली असतात: ४.४८, ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२. हे माप एका कंपनीच्या आत तुलना करायला ठीक आहे, पण एका कंपनीचा ४.५० आणि दुसरीचा ४.५० सारखेच असतील असं धरू नका. आणि एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो, कारण साचे झिजतात, बदलले जातात. डब्यामागच्या स्टिकरवरचा लॉट नंबर म्हणूनच महत्त्वाचा. तो न बघता ‘मागच्या वेळी घेतला होता तोच द्या’ म्हणून आणलेला डबा तोच नसतो. ग्रुप कधी घट्ट, कधी पसरलेला येण्याचं तुमच्याकडचं पहिलं संशयित कारण हेच.

घेराचं नुकसान मात्र आपल्याकडेच होतं. सैल भरलेला डबा एसटीच्या मागच्या सीटवर जळगावहून पुण्याला, बालेवाडीला गेला, की पाचशे छर्रे रस्ताभर एकमेकांवर आदळतात. मऊ शिसं आहे, घेर चेपतो. डबा उघडल्यावर छऱ्यांवर स्पंजची चकती ठेवून झाकण घट्ट लावा, हलवून आवाज आला नाही पाहिजे. स्पर्धेसाठी शंभर-शंभरच्या खाचांच्या ट्रेमध्ये येणारे छर्रे महाग पडतात, पण ते पैसे घेर वाचवण्याचे आहेत, जास्त अचूक कारागिरीचे नाहीत.

चेपलेले ओळखायला काच पुरते. आरशाची किंवा खिडकीची सपाट काच टेबलावर ठेवा, एका बाजूला पातळ वही सारून किंचित उतार द्या. छर्रा आडवा ठेवून सोडला की तो सरळ जात नाही, कारण डोकं आणि घेर यांची मापं वेगळी, तो वळण घेत घरंगळतो. चांगले छर्रे एकाच वळणाने जातात. चेपलेला लंगडत जातो, थांबतो, किंवा भलतीकडे उतरतो. पन्नास छऱ्यांना पाच मिनिटं लागतात. घेर पेन्सिलच्या टोकाने पुन्हा गोल करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. गोल दिसतो, पण पुन्हा तसाच होत नाही. बाजूला काढा, सरावाला वापरा.

धुऊन तेल लावण्याचीही एक पद्धत सांगितली जाते. मॅच छऱ्यांना ती गरज नाही. कारखान्याचा पातळ लेप निघून जातो आणि नळीत शिसं जास्त बसतं. पावसाळ्यात उघड्या डब्यातल्या छऱ्यांवर पांढरट भुकटी आली तर तो शिशाचा गंज, मुख्यतः कार्बोनेट, आहे. असे छर्रे स्पर्धेला नकोत, आणि त्या हातांनी खाणं तर मुळीच नको. कोणताही छर्रा हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि लोडिंग करताना छर्रे ओठात धरायची सवय मुलांना लागली असेल तर आजच मोडा.

आता प्रत्यक्ष चाचणी. त्याआधी रायफल निर्दोष आहे हे बघा, नाहीतर रायफलचं पाप छऱ्याच्या माथी जाईल. डायॉप्टर साइट, म्हणजे नेम धरायचं मागचं बारीक भोकाचं उपकरण, हाताने हलवून बघा, सैल नको. स्टॉकचे स्क्रू रायफलच्या पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळा, अंदाजाने नाही. लोडिंगच्या तोंडाजवळची रबरी ओ-रिंग चिरली असेल तर हवा निसटते, बोटाला किंवा गालाला फुंकर जाणवते. मग वेगमापकावर एकाच लॉटचे दहा शॉट मारा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वेगात २ ते ३ मीटर प्रति सेकंदापर्यंत फरक ठीक. त्यानंतर रायफल पाच मिनिटं तशीच ठेवा आणि एक शॉट मारा. हा पहिला शॉट बाकीच्यांपेक्षा ठळक वेगाने गेला तर रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची दाबलेली हवा ठरावीक दाबाने पुढे सोडणारा भाग, हळूहळू दाब वाढू देतोय, म्हणजे सील गेलंय. मुलगी शॉटला जास्त वेळ घेते तेव्हा छर्रा वर लागतो आणि सगळे तिच्या श्वासाला दोष देतात, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. सीलची दुरुस्ती घरी नको, जाणकाराकडे द्या.

चार लॉट घ्या. सुरुवात ४.४९ आणि ४.५० पासून करा, प्रत्येकी दोन लॉट. एकट्याने चार डबे घ्यायची गरज नाही, क्लबमधल्या चौघांनी वेगवेगळ्या लॉटचा एकेक डबा घ्यायचा आणि पन्नास-पन्नास छर्रे वाटून घ्यायचे. प्रत्येक पुडीवर लॉट नंबर आणि फक्त अ, आ, इ, ई अशी खूण. मारणाऱ्याला कुठली खूण कुठल्या कंपनीची ते माहीत नसलेलं बरं, महाग डब्याच्या बाजूने हात आपोआप जास्त काळजी घेतो.

रायफल शिकंज्यात धरा. शिकंजा नसेल तर पुढे आणि मागे वाळूच्या पिशव्या, पुढची पिशवी नळीला न लागता स्टॉकखाली. नळी फेल्टच्या गोळ्यांनी साफ करा. साफ केल्यावर पहिले १० ते २० शॉट मोजायचे नाहीत, नळीत शिशाचा पातळ थर बसेपर्यंत ते भटकतात. मग अ लॉटचे पाच शॉट बाजूला, मागून दहा शॉटचा ग्रुप. आ, इ, ई तसंच. दुसरी फेरी उलटी: ई, इ, आ, अ. तिसरी पुन्हा सुलटी. क्रम उलटला नाही तर शेवटचा लॉट नेहमी गरम, थकलेल्या हातांचा आणि कमी दाबाचा बळी ठरतो. तीन फेऱ्यांत १२० मोजलेले शॉट आणि प्रत्येक वेळचे पाच धरून एकूण १८०. सिलिंडर १८० बारला भरून सुरू करा, १०० च्या खाली जाऊ देऊ नका, मध्ये एकदा भरावं लागलं तर फेरी संपल्यावर.

मोजमाप दोन प्रकारे. कागदी टार्गेट असेल तर दहा शॉटच्या भोकाची बाहेरून बाहेर जास्तीत जास्त रुंदी व्हर्नियरने घ्या आणि ४.५ मिमी वजा करा. ६.० मिमी आलं तर दोन टोकांच्या छऱ्यांमध्ये १.५ मिमी. हा लॉट ठेवण्यासारखा: नीट मध्यावर बसवला तर तुमच्या छऱ्यामुळे शॉट १०.७ च्या खाली जाणार नाही. ५.५ आलं तर गप्प बसून घ्या. ७.५ म्हणजे वर हिशेब केला तो पाच गुण खाणारा डबा. कार्ड दमट असेल तर भोक फाटतं आणि माप खोटं येतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये कार्ड प्लास्टिकच्या पिशवीतून ऐनवेळी काढा. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर त्याहून चांगलं: प्रत्येक शॉटचं आडवं-उभं अंतर घ्या, मधला बिंदू काढा, त्यापासून प्रत्येक शॉटचं अंतर आणि त्याची सरासरी. ही सरासरी सगळ्या दहाच्या दहा शॉटचं ऐकते. बाहेरून-बाहेर माप फक्त दोन टोकाच्या शॉटचं ऐकतं.

तीन ग्रुप का, एकच का नाही? पाच शॉटचा एक ग्रुप नुसत्या योगायोगाने पाव हिश्श्याने लहान-मोठा येतो, दहा शॉटचा सुमारे एक-पंचमांशाने. दहा लॉटचा एकेक ग्रुप मारून सगळ्यात लहान निवडला, तर बहुतेक वेळा तुम्ही नशीबवान ग्रुप निवडलेला असतो, चांगला लॉट नाही. रायफलच्या खोक्यातलं कारखान्याचं पाच शॉटचं टेस्ट कार्ड फ्रेम करून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तीन ग्रुपच्या सरासरीत दोन लॉट जवळजवळ सारखे आले तर जो स्वस्त आणि जास्त डबे मिळणारा, तो.

आपल्याकडच्या उन्हाचं वेगळं सांगतो. एसी खोलीत २५ अंशाला २०० बारवर भरलेला सिलिंडर ४२ अंशाच्या शेडमध्ये आणला की गेज २११ च्या आसपास दाखवेल, कुणी हात न लावता. रेग्युलेटर बराच फरक पोटात घालतो, तरी रायफल आणि छर्रे शेडमध्ये अर्धा तास ठेवून मगच झिरो करा, म्हणजे साइट नेमाशी जुळवा. मे महिन्यात बंद गाडीत सिलिंडर ठेवून लग्नाला जाणं हा वेडेपणा आहे. सिलिंडरवर कोरलेली मुदतीची तारीख बघा, स्पर्धेत मुदत संपलेला सिलिंडर चालत नाही. हातपंपाने भरत असाल तर पावसाळ्यात हवेतलं पाणी आत जातं, पंपाला कोरडं करणारा फिल्टर लावा. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या रेंजवर तंतू हवेत उडतात, छऱ्यांचा डबा उघडा ठेवू नका, घेरात अडकलेला एक तंतूही लोडिंगला छर्रा तिरका बसवतो.

लॉट ठरला की किती घ्यायचा? आठवड्याला पाच दिवस, रोज शंभर शॉट म्हणजे आठवड्याला एक डबा. सगळा सराव त्याच लॉटवर परवडत नसेल तर सरावाला त्याच मापाचा स्वस्त छर्रा आणि स्पर्धेच्या लॉटचे सहा-आठ डबे बाजूला. स्पर्धेआधीचे दोन आठवडे स्पर्धेच्याच लॉटवर, झिरो बदलते म्हणून.

.२२ कडे ती वळेल तेव्हा हाच विचार, फक्त चुकीची किंमत वाढते. ५० मीटरवर गोळी सुमारे १२ सेंटीमीटर खाली येते. वेग १ मीटर प्रति सेकंदाने बदलला तर तिथे पाऊण मिलिमीटर फरक पडतो, आणि ५० मीटरच्या टार्गेटवर ०.८ मिमी म्हणजे ०.१ गुण. पाच मीटर प्रति सेकंदाचा फरक असेल तर नेम अचूक असूनही जवळपास अर्धा गुण उभ्या रेषेत गेला. म्हणून इथे वेगमापक शोभेचा नाही. एली ही कंपनी आपल्या मॅच काडतुसांच्या डब्यावर लॉट नंबरसोबत त्या लॉटचा वेगही छापते, तो वाचायला शिका. एली आणि लापुआ या दोन्ही कंपन्यांकडे खेळाडूची रायफल घेऊन जाऊन लॉट तपासून निवडायची सोय आहे. राष्ट्रीय पातळीचे खेळाडू ती वापरतात. आपल्याला मात्र परवाना, कोटा आणि जे लॉट देशात आले ते, एवढ्यातच निवड करायची असते.

एका लॉटची एक पन्नासची पेटी चाचणीला पुरते: दहा शॉट नळीला सवय लागायला, मग दहाचे चार ग्रुप. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, नाहीतर वाऱ्याची पसरण लॉटच्या नावावर लिहिली जाईल. बाहेरून-बाहेर २० मिमीच्या आत दहा शॉट आले तर लॉट चांगला. ग्रुप आडवा पसरला तर आधी वारा तपासा. उभा पसरला तर वेगातला फरक, आणि तो लॉट सोडा. लॉट बदलताना किमान दहा शॉट मोजू नका, प्रत्येक कंपनीचं मेण वेगळं असतं आणि नळीत आधीचं उरलेलं असतं. गोळीवरचं हे मेण उन्हात मऊ पडतं, म्हणून पेटी फायरिंग पॉइंटवर सावलीत, डब्यातच, गोळ्यांची टोकं खाली न करता. थंडीत आवाजाचा वेग कमी होतो: १० अंशाला सुमारे ३३७ मीटर प्रति सेकंद, ४३ अंशाला ३५७. मॅच काडतूस ३२५ च्या आसपास जातं, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे धुळ्याच्या रेंजवर आवाजाच्या वेगापासूनचं अंतर बरंच कमी होतं आणि उन्हाळ्यात वाढतं. त्या वेगाच्या जवळ गोळी डगमगू शकते. डब्यावरचा वेग त्यातल्या त्यात जास्त असलेला लॉट हिवाळ्याच्या पहाटे एकदा तपासूनच ठेवा, एप्रिलच्या दुपारी तो कसा वागला त्यावर जाऊ नका.